मागची खोली तेवढी बंद आहे

घर घेताना, घर देताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. तीन महिने घरं बघून बघून थकलो आणि आता एक घर मनासारखं सापडलंय. दुमजली, जुनं पण नीट ठेवलेलं, भरपूर उजेड. माझ्या सासऱ्यांना आता जिना चढवत नाही. त्यामुळे तळमजल्यावर त्यांच्यासाठी वेगळी खोली हवी, ही आमची पहिली अट. या घरात मागच्या बाजूला तशी खोली आहे, पण ती आम्ही अजून पाहिलेलीच नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा मालक म्हणाले, "चावी भावाकडे आहे, तो बाहेरगावी गेलाय." दुसऱ्यांदा गेलो तेव्हा म्हणाले, "आत सामान खच्चून भरलंय, दार उघडलं तर अंगावर येईल." एजंट सांगतो, पुढच्या खोलीसारखीच आहे, तेवढीच मोठी, बघण्यासारखं काही नाही. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, रविवारपर्यंत विसार द्या, असा त्याचा तगादा चाललाय. आमचे हे म्हणतात, "एका खोलीपायी चांगलं घर हातचं घालवायचं का?" मला मात्र रात्री झोप लागत नाही. पुन्हा दार उघडा म्हणायचं तर संकोच वाटतो, दुसऱ्याच्या घरात किती डोकवायचं? आम्ही काय करावं?

उत्तर : रविवारी विसार देऊ नका. बाकी सगळं सावकाश बोलू, पण ही एक गोष्ट आजच घरात ठरवून टाका.

आता तुमच्या संकोचाबद्दल. जुन्या घरांच्या तपासणीचं काम करता करता मला 26 वर्षं झाली. एवढ्या वर्षांत घर घेणाऱ्यांचं सर्वांत जास्त नुकसान जर कशाने होताना मी पाहिलं असेल, तर ते या संकोचाने. माणसं चांगल्या घरची असतात, दुसऱ्याच्या खोलीत डोकावू नये हे लहानपणापासून शिकलेली असतात, आणि आयुष्यभराची पुंजी ओतायची वेळ येते तेव्हाही तोच शिष्टाचार पाळत उंबऱ्याबाहेर उभी राहतात. ताई, तुम्ही तिथे पाहुण्या म्हणून गेला नव्हतात. ती खोली ते विकतायत आणि तुम्ही विकत घेताय. ती पाहायला मागणं हा व्यवहाराचाच भाग आहे, त्यात उद्धटपणा काहीही नाही.

शिवाय तुमच्या बाबतीत ती 'एक खोली' नाही. ज्या खोलीसाठी तुम्ही हे घर घेताय, नेमकी तीच बंद आहे. तुमच्या यजमानांना मी एवढंच विचारेन, सासऱ्यांचा पलंग तिथे कोणत्या भिंतीला लावणार आहात? न्हाणीघर तिथून किती पावलांवर आहे? वाटेत उंबरा आहे का, असला तर किती उंच? याची उत्तरं त्यांच्याकडे नसतील, तर घर अजून पाहून झालेलं नाही.

बंद दार दिसलं की आत भानगडच असणार, असं मात्र मी म्हणत नाही. मी पाहिलेल्या बंद दारांमागे बहुतेक वेळा साधीच कारणं होती. कुणाची आजारी आई, कुणाच्या गेलेल्या मुलाचे कपडे आणि पुस्तकं, कुणाची पसाऱ्याची लाज. एका घरात तर मुलगी परीक्षेचा अभ्यास करत होती आणि घर विकायचं ठरलंय हे तिला अजून कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्यामुळे पहिल्या भेटीत दार बंद असेल तर मी मनात काही धरत नाही. मी बघते ते कारण बदलतंय का, आणि उघडण्याची तारीख मिळतेय का. तुमच्या पत्रात कारण बदललंय. पहिल्यांदा चावी नव्हती. दुसऱ्यांदा चावीचं नावही निघालं नाही, सामान आडवं आलं. आणि तारीख दोन्ही वेळा मिळाली नाही. खऱ्या अडचणीला तारीख असते. "भाऊ बुधवारी येतो, गुरुवारी या," असं सहज म्हणता येतं. ते कुणी म्हणालं नाही, म्हणून मी सावध झाले.

मी एवढं ठासून का सांगते, त्याला घरातलंच कारण आहे. मी शिकत असताना वडिलांनी एक जुनं घर घेतलं. माळ्यावर जायचं झाकणदार खिळे मारून बंद केलेलं होतं. मालक म्हणाले, "वर काही नाही, कबुतरं शिरतात म्हणून ठोकून टाकलंय." वडिलांना ते पटलं. कबुतरं शिरतात हे खरंच होतं, त्यांचा आवाज खालपर्यंत यायचा. पहिल्या मोठ्या पावसात त्यांच्या पलंगाच्या वर छताला नाण्याएवढा डाग आला, आठवड्याभरात तो बशीएवढा झाला. सुताराने खिळे काढले आणि वडील बॅटरी घेऊन शिडीवर चढले. मधली तुळई वाळवीने जवळजवळ निम्मी खाल्ली होती, आणि तिच्याखाली कुणीतरी विटांवर विटा रचून टेकू दिला होता. म्हणजे आधीच्या माणसाला सगळं माहीत होतं. त्याने विटा रचल्या आणि मग खिळे ठोकले. वडील बराच वेळ शिडीवर तसेच उभे राहिले. खाली आले ते एवढंच म्हणाले, "पलंग आधी दुसरीकडे हलवा." पुढची दोन वर्षं त्या खोलीत कुणी झोपलं नाही. शिडी मागायला फार तर पाच मिनिटं लागली असती, हे ते पुढे कितीतरी वर्षं म्हणत.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते.

दार उघडेपर्यंतही त्या खोलीबद्दल बरंच कळू शकतं, ते आधी करून घ्या. पुन्हा एकदा घर पाहायला जा, शक्यतो पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवसांत, आणि दिवसाउजेडी. बंद दारापाशी गेलात की आधी खाली वाकून दाराची तळकड पाहा. प्लायवूडचं दार असेल आणि आत ओल असेल, तर खालची कड फुगलेली दिसते, पापुद्रे सुटलेले दिसतात. चौकटीचा रंग जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतच उडाला असेल, तर ते पाण्याचं काम आहे. चौकटीवर बोटाच्या गाठीने खालून वर टकटक करत जा. भरीव लाकूड आणि पोखरलेलं लाकूड यांचा आवाज कुणालाही वेगळा कळतो. चौकटीच्या कडेने पेन्सिलच्या जाडीच्या मातीच्या रेषा वर गेलेल्या असतील तर ती वाळवीची वाट आहे. मग दाराच्या फटीशी नाक न्या. यात लाजण्यासारखं काही नाही. कोंदट सामानाचा वास आणि बुरशीचा वास वेगळा असतो. जुन्या कपड्यांच्या आणि कागदांच्या वासाला धुळीचा कोरडेपणा असतो. बुरशीचा वास ओला असतो, घशाशी येतो. कुलूपही पाहून ठेवा. कडी-कोयंडा गंजलेला आणि कुलूप नवंकोरं, म्हणजे दार अलीकडेच कुलूपबंद झालंय. ते का, हे विचारायला तुम्हाला मुद्दा मिळाला.

मग त्या खोलीच्या भिंतींची पलीकडची बाजू शोधा. प्रत्येक भिंतीला दुसरी बाजू असतेच. एक स्वयंपाकघरात असेल, एक बोळात, एक अंगणात. स्वयंपाकघराच्या बाजूने त्या भिंतीला हाताची मागची बाजू लावा आणि मग दुसऱ्या भिंतीला लावा. ओली भिंत गार लागते. लोणा लागला असेल तर पांढरी पूड हाताला येते. भिंतीत चढणारं पाणी आपल्याबरोबर क्षार आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार पृष्ठभागावर राहतात. जमिनीतून चढणारी ओल साधारण कमरेपर्यंत, फार तर मीटरभर चढते. त्याच्या वर ओल दिसली तर पाणी दुसरीकडून येतंय, नळातून, छतातून किंवा बाहेरच्या भेगेतून. त्या बाजूच्या भिंतीला अर्ध्यातच नवा रंग लावलेला असेल किंवा कमरेपर्यंत फरशा नाहीतर लाकडी पट्ट्या बसवलेल्या असतील, तर त्या हौसेच्या आहेत की झाकायला आहेत हे विचारा.

बाहेरून खिडकीखाली पायरीपायरीने तिरकी गेलेली भेग दिसते का ते पाहा. केसासारखी बारीक भेग जुन्या घरात असायचीच. पण पाच मिलिमीटरहून रुंद भेग असेल तर जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पायाच खचत असण्याची शक्यता असते. स्लॅब असेल तर खालून सिमेंटचे पोपडे निघून सळई दिसते का ते पाहा. सळई गंजली की फुगते आणि भोवतीचं काँक्रीट फोडून बाहेर ढकलते. वरून गिलावा मारला की ते काही महिने दिसत नाही, एवढंच.

एक मोजपट्टी बरोबर ठेवा. एजंट म्हणतो ना, पुढच्या खोलीएवढीच आहे? मग मोजा. समजा, घराची मागची भिंत बाहेरून 9.20 मीटर भरली. त्या रांगेत स्वयंपाकघर 3.70 आणि न्हाणीघर 1.80, म्हणजे साडेपाच मीटर गेले. बाहेरच्या दोन भिंती गिलाव्यासकट साधारण 25 सेंटिमीटर आणि आतल्या दोन 15 सेंटिमीटर जाडीच्या धरल्या, तर आणखी 80 सेंटिमीटर गेले. बंद खोलीला उरले 2.90. आणि पुढची खोली असेल 3.60. हे 70 सेंटिमीटर म्हणजे पलंगाशेजारून चाकाची खुर्ची जायला जवळपास तेवढीच जागा लागते. सासऱ्यांचा विचार करून घर घेताय, तर हे आकडे तुमच्या कामाचे आहेत. हिशेब अजिबातच जुळत नसेल, तर आत एखादी भिंत नंतर घातलेली असू शकते. तेही विचारा.

पण एवढ्या सगळ्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती त्या पहिल्या वाक्याची. "चावी भावाकडे आहे." दुसऱ्या वेळी सामानाचं कारण आलं म्हणून हे विसरू नका. भावाकडे चावी का आहे? भावाचा त्या घरात हिस्सा आहे का? तो किंवा त्याचं कुणी तिथे राहतं का? खोली भाड्याने दिलीय का? ओल काढता येते, तुळई बदलता येते. पण खोलीवर हक्क सांगणारा माणूस खरेदीनंतर पुढे आला, तर वर्षं जातात.

आणि इथे "आम्हाला माहीत नव्हतं" हे म्हणणं फारसं उपयोगी पडत नाही. आपल्याकडे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 3 मध्ये सरळ म्हटलंय की, मालमत्तेचा प्रत्यक्ष ताबा ज्याच्याकडे आहे, त्याचा जो काही हक्क असेल तो विकत घेणाऱ्याला माहीतच होता असं धरलं जाईल. तुम्ही विचारलंत की नाही, याने फरक पडत नाही. विचारायला हवं होतं, असं कायदा म्हणतो. ही समजूत एकाच देशातली नाही. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे 1980 मध्ये एक खटला आला होता. घर कागदावर एकट्या नवऱ्याच्या नावावर, पण पैसे बायकोनेही घातलेले आणि ती तिथेच राहत होती. बँकेने घर गहाण ठेवून घेतलं, पण तिला काही विचारलं नाही. नवऱ्याने कर्ज थकवलं, बँक घराचा ताबा मागायला आली आणि हरली. ती बाई घरात राहत होती, हे बँकेला दारात उभं राहून विचारलं असतं तरी कळलं असतं. बँकेची ही गत, तर आपण कोण!

त्याच 1882 च्या कायद्यात कलम 55 आहे. करारात वेगळं काही ठरलं नसेल तर, मालमत्तेतला किंवा तिच्या मालकीतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही त्याला सापडला नसता, तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. ऐकायला हे आधाराचं वाटतं. पण "सर्वसाधारण काळजी" हे शब्द पुन्हा वाचा. दाराला कुलूप होतं, तुम्ही ते दोनदा पाहिलंत आणि तरी विसार दिलात. उद्या आत काही निघालं तर समोरचा वकील पहिलं हेच म्हणेल, कुलूप दिसत होतं, मग उघडायला का सांगितलं नाहीत? न पाहिलेली खोली तुमच्याच विरुद्ध पुरावा होऊन उभी राहते. "जसं आहे तसं घेतलं" असं वाक्य कागदात असेल तर आणखीच कठीण.

म्हणून आता मालकांशी बोला. एजंटमार्फत नाही, थेट बोला आणि लेखी बोला. मी माझ्याकडे येणाऱ्यांना साधारण असा निरोप लिहून देते : "आपलं घर आम्हाला आवडलं आहे आणि घेण्याची इच्छा आहे. तळमजल्यावरची मागची खोली अजून पाहायची राहिली आहे. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी तीच खोली वापरायची असल्यामुळे ती पाहिल्याशिवाय आम्हाला पुढचं ठरवता येणार नाही. या आठवड्यात कोणत्या दिवशी येऊ, ते कळवावं. सामान हलवायला हात लागत असतील तर आम्ही दोघं मदतीला येऊ." शेवटचं वाक्य मनापासून लिहा आणि खरंच जा. सामानाची अडचण खरी असेल तर ती याने सुटते.

फोटो किंवा व्हिडिओ पाठवतो म्हणाले तर घ्या, पण त्यावर ठरवू नका. कॅमेरा ज्याच्या हातात आहे तो त्याला हवं तेच दाखवतो, आणि वास काही फोटोत येत नाही.

समजा, दोन्ही बाजूंची इच्छा आहे पण दार उघडायला खरंच पंधरा दिवस लागणार आहेत आणि तुम्हाला घर सोडायचं नाही. तर मग लहान रक्कम द्या आणि पावतीवर लिहून घ्या की अमुक तारखेपर्यंत ती खोली रिकामी करून दाखवली जाईल, आमच्या माणसाकडून तपासू दिली जाईल, आणि तसं झालं नाही किंवा तपासणीत काही गंभीर निघालं तर पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत मिळेल. 'पूर्ण' आणि 'परत' हे दोन्ही शब्द कागदावर हवेत. मजकूर सहीआधी वकिलाला दाखवा. त्याच वेळी वकिलाकडून मालकीची कागदपत्रं तपासून घ्या आणि भावाचा हिस्सा असेल तर खरेदीखतावर त्याचीही सही लागेल हे आधीच बोलून घ्या.

दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काय, असं तुमचे यजमान विचारतील. असेल ते गिऱ्हाईक. ते घेईल तर घेऊ दे. एवढं लिहूनही तारीख मिळाली नाही, तर घर कितीही उजेडाचं असलं तरी तुम्ही पुढचं घर बघायला निघा. सासऱ्यांना पहिल्या रात्री त्या खोलीत झोपवताना तुम्हाला माहीत असायला हवं की आत काय आहे.

प्रश्न : मी घर विकणाऱ्यांपैकी आहे. माझी आई दीड वर्षापासून अंथरुणाला खिळून आहे. तिच्या औषधपाण्यासाठीच घर विकून लहान घरात जायचं ठरवलंय. तिच्या खोलीत परकी माणसं येऊन भिंती न्याहाळणार, हे मला सहन होत नाही, म्हणून ती खोली दाखवत नाही. आतापर्यंत तीन गिऱ्हाइकं परत गेली. परवा एक गृहस्थ दाराबाहेरच मोठ्याने म्हणाले, "काहीतरी लपवताय तुम्ही." आईने ते ऐकलं. दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. माझं चुकतंय का?

उत्तर : नाही, तुमचं चुकत नाहीये. त्या गृहस्थांनी दाराबाहेर तसं बोलायला नको होतं. पण खोली न दाखवता घर विकलं जाईल ही आशा सोडा. वरच्या पत्रातल्या बाईंना मी जे सांगितलं, तेच मी तुमच्या गिऱ्हाइकालाही सांगेन.

तुम्हाला एवढंच करायचंय की ती खोली कुणाला, केव्हा आणि कशी दाखवायची हे तुमच्या हातात घ्यायचं. माणसं घरी यायच्या आधीच फोनवर सांगा : आई आजारी आहे, तिची खोली पहिल्या भेटीत दाखवणार नाही, पण तुम्हाला घर पटलं आणि व्यवहार नक्की करायचा असेल तर दुसऱ्या वेळी दाखवेन. कारण आधीच माहीत असलं की बंद दाराचा संशय उरत नाही. संशय येतो तो दारापाशी पोचल्यावर गडबडीने दिलेल्या कारणाने. मग फक्त ज्यांनी पक्कं केलंय त्यांनाच, दोनच माणसं, दहा मिनिटं. फोटो काढायचे नाहीत, हे आधीच सांगा. आईला आंघोळ घालून, केस विंचरून, आवडीची चादर घालून झाल्यानंतरची वेळ द्या. तिला खुर्चीत बसवून बाहेरच्या खोलीत आणता येत असेल तर फारच चांगलं. आणि त्या खोलीत काही दोष असेल, भिंतीला ओल, खिडकी लागत नाही, जे असेल ते, एका कागदावर स्वतःहून लिहून द्या. तुमच्यावरचा विश्वास त्या एका कागदाने जितका वाढेल तितका बोलून वाढणार नाही, आणि कायद्यानेही तुमची बाजू भक्कम होईल.

पण या सगळ्याआधी आईला विचारा. घर तिचंही आहे. तिला लोक यायला नको आहेत, की तुम्हाला नको आहेत? रागवू नका, मी हे मायेने विचारतेय. एका घरात मी तपासणीला गेले होते. मुलगा मला आजींच्या खोलीत न्यायला तयार नव्हता, आम्ही बाहेर हळू आवाजात बोलत होतो. आतून आजींनीच हाक मारली. मी गेले, पलंगाशी बसले. त्यांनी माझा हात धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट कपाटामागच्या कोपऱ्याकडे केलं. "तिथे बघ. पाऊस तिरका आला की तिथून झिरपतं. याला माहीत नाही, मी रात्रभर जागीच असते ना." कपाट सरकवलं तर त्या म्हणाल्या तसंच होतं. खिडकीच्या चौकटीबाहेरचा सिमेंटचा सांधा उघडा पडला होता, अर्ध्या दिवसाचं काम. घेणाऱ्या कुटुंबाने ते घर घेतलं, आणि आजींनी निघायच्या आधी त्यांच्या सुनेला कोणत्या खिडकीतून सकाळचं ऊन येतं तेही सांगितलं.

तुमच्या आईलाही त्या खोलीबद्दल तुमच्याहून जास्त माहीत असेल.

प्रश्न : आम्ही घर घेऊन महिना झाला. पाहायला गेलो तेव्हा झोपायच्या खोलीत एक अवजड कपाट भिंतीला लावलेलं होतं. "ते हलत नाही, जमिनीला रुतलंय," असं सांगितलं होतं. मालकांनी जाताना ते नेलं आणि मागची भिंत काळीकुट्ट, भिजलेली निघाली. गवंडी म्हणतो, लगेच खरवडून गिलावा करतो. करू का?

उत्तर : आज नको. मनस्ताप होतोय हे कळतं, पण गवंड्याला चार दिवस थांबवा. भिंत आहे तशी राहू द्या आणि आधी तिचे फोटो काढा. एक लांबून संपूर्ण भिंतीचा, मग जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. जमिनीवर कपाटाच्या पायांच्या खुणा उमटल्या असतील, त्यांचा फोटो नक्की काढा. कपाट तिथेच होतं, हे त्यावरून दिसेल. घर पाहायला गेला होतात तेव्हाचे फोटो फोनमध्ये असतील तर शोधून वेगळे ठेवा. "हलत नाही" हे सांगणारा निरोप असेल तर तोही. तेव्हा बरोबर कोण होतं आणि कुणी काय म्हटलं, हे आठवतंय तोवर तारखेसह लिहून काढा.

मग एखाद्या इंजिनिअरला बोलावून पाणी कुठून येतंय ते लेखी घ्या. मूळ सापडल्याशिवाय केलेला गिलावा पुढच्या पावसात पुन्हा सुटेल, म्हणजे घाई करून तसाही उपयोग नाही. त्या भिंतीत लाकूड असेल, चौकट किंवा वासा, तर त्यातली ओल मीटर लावून मोजायला सांगा. ती 20 टक्क्यांच्या वर टिकून असेल तर लाकूड बुरशीने कुजायला लागण्याचा धोका असतो. तसं असेल तर मात्र चार दिवसांच्या वर थांबू नका.

फोटो आणि लेखी अहवाल हातात आले की आधीच्या मालकांना पत्र पाठवा, पोचपावती ठेवा आणि खरेदीखत घेऊन वकिलाकडे जा. गवंड्याने खरवडलेला तुकडा, काळ्या बुरशीसकट, एका पिशवीत घालून तारीख लिहून ठेवा. तोवर त्या खोलीची खिडकी उघडी ठेवा आणि लहान मूल असेल तर त्याला तिथे झोपवू नका.